पुराव्याला पेलेल एवढेच वाक्य

प्रश्न : मी गुन्हेगारीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात शिकते. पदवीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजीत वाचलेले बरेचसे समजते, पण लिहायला बसले की हात अडतो. कठीण इंग्रजी शब्दांची एक वही केली आणि ते शब्द पाठही केले, तरी नुकत्याच तपासून आलेल्या निबंधावर शिक्षकांचे दोन शेरे होते : ‘शब्द भलत्या ठिकाणी वापरले आहेत’ आणि ‘पुराव्यापेक्षा दावा मोठा आहे’. पहिला शेरा समजला. दुसऱ्याचा इंग्रजीशी काय संबंध, ते उमगले नाही. पुढच्या वर्षी प्रबंध लिहायचा आहे. शब्दसंग्रह कसा वाढवावा, व्याकरणात कशावर भर द्यावा, आणि आधी मराठीत लिहून मग त्याचे भाषांतर करावे का, याबद्दल मार्गदर्शन करावे. — एक विद्यार्थिनी

उत्तर : सप्रेम नमस्कार,

दुसरा शेरा तुम्हाला इंग्रजीच्या बाहेरचा वाटला. माझ्या मते तुमच्या इंग्रजीचा खरा प्रश्न तोच आहे, आणि पहिला शेरा ही त्याचीच एक बाजू आहे. गुन्हेगारीशास्त्रात आपण माणसांविषयी गंभीर विधाने करत असतो. अमक्याने गुन्हा केला, अमक्या वस्तीत गुन्हे जास्त घडतात, अमक्या शिक्षेमुळे गुन्हेगारी घटते, अशा प्रत्येक विधानामागे पुरावा किती आहे हे इंग्रजीत शब्दाची निवड सांगते, क्रियापदाचे रूप सांगते आणि पुष्कळदा एखादे इवलेसे उपपदही सांगून जाते. त्यामुळे वजनदार शब्द जमवण्याचा नाद तूर्त बाजूला ठेवा आणि हातातल्या पुराव्याला पेलेल एवढेच बोलणारे वाक्य कसे लिहायचे, याकडे सगळे लक्ष द्या. शब्द आणि व्याकरण या दोन्हींचा अभ्यास या एका दृष्टीने केलात, तर काय आधी शिकायचे आणि काय नंतर, हे आपोआप ठरत जाईल.

शब्दांची वही टाकून देऊ नका, तिची मांडणी बदला. वर्णानुक्रमाने शब्द उतरवण्याऐवजी एकमेकांच्या शेजारचे, आणि म्हणूनच हमखास अदलाबदल होणारे शब्द एका पानावर आणा. पहिले पान माणसांचे करा. सस्पेक्ट म्हणजे ज्याच्यावर संशय आहे तो. अक्यूज्ड म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. डिफेंडंट म्हणजे ज्याच्यावर न्यायालयात खटला चालू आहे तो. कन्व्हिक्टेड पर्सन म्हणजे ज्याला न्यायालयाने दोषी ठरवले आहे तो. आणि ऑफेंडर किंवा पर्पेट्रेटर म्हणजे ज्याने ते कृत्य प्रत्यक्ष केले तो, मग तो कोण हे आपल्याला ठाऊक असो वा नसो. आता हे वाक्य पाहा : ‘द सस्पेक्ट ब्रोक द विंडो अँड एस्केप्ड.’ बातम्यांमध्ये असे वाक्य नेहमी आढळते, तरी तुम्ही ते लिहू नये. खिडकी कोणी फोडली हे अजून ठरायचे असताना फोडणाऱ्याला सस्पेक्ट म्हटले, की ज्या विशिष्ट माणसावर संशय आहे त्यानेच ती फोडली असा निकाल तुम्ही देऊन मोकळ्या होता. घटनेचे वर्णन करताना ‘द ऑफेंडर’ किंवा ‘द इंट्रूडर’ लिहावे, आणि संशयिताबद्दलच बोलायचे असेल तर ‘द सस्पेक्ट इज अलेज्ड टु हॅव ब्रोकन द विंडो’ असे लिहावे. कम्प्लेनंट आणि व्हिक्टिम ही जोडीही याच पानावर येईल, कारण तक्रार करणाऱ्या व्यक्तीला खटल्याचा निकाल लागण्याआधी व्हिक्टिम म्हणणे म्हणजे गुन्हा घडलाच असे गृहीत धरणे होय, आणि निकालानंतरही केवळ कम्प्लेनंट म्हणत राहणे हा तिच्यावर अन्याय होतो.

दुसरे पान गुन्ह्यांच्या नावांचे असावे. चोरी, जबरी चोरी आणि घरफोडी यांतला फरक तुम्हाला मराठीत पक्का माहीत आहे, पण इंग्रजीत थेफ्ट, रॉबरी आणि बर्गलरी हे शब्द विद्यार्थी एकाच परिच्छेदात आलटून पालटून वापरताना दिसतात, कारण एकच शब्द पुन्हा लिहिणे हा दोष आहे असे त्यांच्या मनावर शाळेत बिंबलेले असते. तांत्रिक लेखनात मात्र एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच शब्द वापरणे हा गुण आहे. शब्द बदलला की वाचक गुन्हा बदलला असे समजतो. या शब्दांचा नेमका अर्थ शब्दकोश ठरवत नाही, तो त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. इंग्लंड आणि वेल्सच्या १९६८ च्या थेफ्ट ॲक्टमध्ये कलम १ थेफ्टविषयी, कलम ८ रॉबरीविषयी आणि कलम ९ बर्गलरीविषयी आहे. चोरी करण्यासाठी, चोरीच्या वेळी किंवा तिच्या लगेच आधी, बळाचा वापर झाला अथवा बळाची भीती घातली गेली, तर ती रॉबरी होते. आणि चोरीच्या इराद्याने परवानगीवाचून इमारतीत शिरले, की काहीही चोरीला गेले नसले आणि दार आधीपासून सताड उघडे असले तरी बर्गलरी होते. म्हणजे घरफोडी हा शब्द डोक्यात धरून बर्गलरी लिहिणाऱ्याला तिथे काहीतरी फुटले असावे असे उगाच वाटेल. ज्या देशातील संशोधन तुम्ही वाचत असाल, त्या देशाची व्याख्या वहीत शब्दाशेजारी उतरवून ठेवा. हीच काळजी होमिसाइड आणि मर्डर यांच्या बाबतीत घ्या. प्रत्येक मर्डर हा होमिसाइड असतो, पण स्वसंरक्षणार्थ झालेला मनुष्यवधही होमिसाइडच असतो; म्हणून तक्त्यात होमिसाइडचे आकडे असताना निबंधात मर्डर रेट लिहिणे हा भाषेचा दोष राहत नाही, ती वस्तुस्थितीची चूक ठरते. प्रोबेशन आणि पॅरोल यांची गफलतही फार होते. ढोबळमानाने प्रोबेशन हे तुरुंगवासाऐवजी दिले जाते, तर तुरुंगात काही शिक्षा भोगून झाल्यावर उरलेल्या काळासाठी अटींवर केलेली सुटका म्हणजे पॅरोल.

शब्द कधीही एकटा पाठ करू नका. इंग्रजीत क्रियापदाबरोबर कोणते शब्दयोगी अव्यय येते ते ठरलेले असते, आणि आपल्या विषयात तर ही अव्यये खटल्याच्या टप्प्यांप्रमाणे बदलत जातात : सस्पेक्टेड ऑफ, अरेस्टेड फॉर, अक्यूज्ड ऑफ, चार्ज्ड विथ, ट्राइड फॉर, कन्व्हिक्टेड ऑफ किंवा अक्विटेड ऑफ, आणि शेवटी सेंटेन्स्ड टु. एका काल्पनिक आरोपीची हकिगत अटकेपासून शिक्षेपर्यंत एकाच परिच्छेदात लिहा आणि ही सगळी रूपे क्रमाने त्यात आणा. असे चार-पाच परिच्छेद वेगवेगळ्या गुन्ह्यांवर लिहून झाले, की ‘कन्व्हिक्टेड फ्रॉम’ किंवा ‘चार्ज्ड ऑफ’ तुमच्या कानालाच खटकू लागेल. रॉब आणि स्टील या क्रियापदांचेही तसेच आहे. रॉबचे कर्म माणूस किंवा बँक असते आणि स्टीलचे कर्म वस्तू असते. ‘दे रॉब्ड द मनी’ असे लिहिणे प्रमाण इंग्रजीत बसत नाही. एव्हिडन्स, रिसर्च आणि इन्फर्मेशन यांची अनेकवचने करू नयेत, पोलीस या अर्थाच्या शब्दाला अनेकवचनी क्रियापद लावावे, आणि क्रायटेरिया, फिनॉमिना, हायपॉथेसीस ही रूपे मुळातच अनेकवचनी आहेत हे लक्षात ठेवावे. हे सगळे एका बैठकीत शिकून होते.

सिद्धांतांतील शब्द अधिक फसवे असतात, कारण ते रोजच्या इंग्रजीसारखेच दिसतात. रोजच्या व्यवहारांतून गुन्ह्याला संधी कशी मिळते हे सांगणाऱ्या, कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या रूटीन ॲक्टिव्हिटी सिद्धांतात ‘केपेबल गार्डियन’ असा शब्दप्रयोग आहे. गार्डियन म्हणजे पालक असा शाळेतला अर्थ घेऊन एखादी विद्यार्थिनी आईवडिलांच्या देखरेखीवर पानभर लिहून बसते. दुसरा कोणी त्याचा अर्थ केवळ पोलीस असा घेतो. सिद्धांतात मात्र ज्याच्या उपस्थितीमुळे गुन्हा घडणे अवघड होते असे कोणीही, शेजारी किंवा वाटेने जाणारा माणूससुद्धा, त्यात मोडतो. माणसाला गुन्ह्यापासून रोखणाऱ्या सामाजिक बंधांविषयीच्या, ट्रॅव्हिस हर्शी यांच्या १९६९ च्या मांडणीतील कमिटमेंट ही नुसती बांधिलकीची भावना नाही. शिक्षण, नोकरी, नावलौकिक अशी माणसाने आजवर केलेली जी गुंतवणूक गुन्हा केल्यास धोक्यात येईल, ती तिथे अभिप्रेत आहे. ॲनॉमी, म्हणजे ढोबळमानाने समाजातील नियमहीनता, हा शब्द समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांच्याकडे एका अर्थाने येतो आणि समाजशास्त्रज्ञ मर्टन यांच्या १९३८ च्या लेखात दुसऱ्या अर्थाने. अशा शब्दांसाठी वहीचा एक वेगळा भाग ठेवा आणि प्रत्येक शब्दासमोर तो कोणी, केव्हा, कोणत्या अर्थाने वापरला ते लिहून खाली स्वतःचे एक वाक्य लिहा. ते वाक्य जमत नसेल, तर संकल्पना अजून कळलेली नाही असे समजून मूळ मजकुराकडे परत जावे.

आकड्यांभोवतीचे इंग्रजी पुष्कळजण दुर्लक्षित ठेवतात, म्हणून थोडे त्याविषयी. ‘क्राइम इन्क्रीज्ड’ आणि ‘रेकॉर्डेड क्राइम इन्क्रीज्ड’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पोलिसांकडे नोंद न झालेले गुन्हे, ज्यांना डार्क फिगर म्हणतात, ते पहिल्या वाक्यात गृहीत धरलेले असतात आणि दुसऱ्यात नसतात. लोकांनाच विचारून गुन्ह्यांचा अंदाज घेणारी व्हिक्टिमायझेशन सर्वेक्षणे अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंड व वेल्समध्ये १९८२ पासून होत आली आहेत ती याच कारणाने. तेव्हा आकडा पोलीस नोंदींतून घेतला असेल तर रेकॉर्डेड हा शब्द कधीही गाळू नका. तसेच एखादे प्रमाण २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले, तर वाढ पाच पर्सेंटेज पॉइंट्सची असते आणि पर्सेंटमध्ये सांगायची तर ती २५ असते.

आता व्याकरण. तुम्ही मराठीतून इंग्रजीकडे आलेल्या असल्याने सर्वांत जास्त वेळ उपपदांना द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मराठीत ‘घरातून चाकू जप्त करण्यात आला’ एवढे म्हटले की वाक्य पूर्ण होते. तो कुठला तरी एक चाकू की आधी उल्लेख झालेला तोच चाकू, हे वाक्याला सांगावे लागत नाही. इंग्रजी मात्र ते सांगायला भाग पाडते. समजा, अहवालात आधी लिहिले आहे की मृत व्यक्तीवर चाकूने वार झाले होते. त्यापुढे तुम्ही ‘अ नाइफ वॉज रिकव्हर्ड फ्रॉम द हाउस’ असे लिहिलेत, तर घरात एक चाकू सापडला एवढेच वाचकाला कळते. पण ‘द नाइफ वॉज रिकव्हर्ड फ्रॉम द हाउस’ असे लिहिलेत, तर ज्या चाकूने वार झाले तोच हा, असे तुम्ही म्हटलेले असते. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा आहे, त्यावरचे रक्त कोणाचे हे ठाऊक नाही, आणि तुमच्या एका उपपदाने मात्र हत्यार निश्चित करून टाकलेले आहे. अशा वेळी पहिल्या उल्लेखाला ‘अ नाइफ’ आणि पुढे ‘द रिकव्हर्ड नाइफ’ किंवा त्या वस्तूला दिलेला एक्झिबिट क्रमांक वापरणे हा सुरक्षित मार्ग आहे. उपपद गाळल्यानेही अर्थ पालटतो. ‘शी वेंट टु द प्रिझन’ म्हणजे ती त्या तुरुंगात गेली, कदाचित मुलाखती घेण्यासाठी. ‘शी वेंट टु प्रिझन’ म्हणजे तिला तुरुंगवास झाला. क्षेत्रकार्याचा वृत्तांत लिहिताना हा फरक किती मोलाचा आहे ते वेगळे सांगायला नको.

मराठीच्या सवयीतून येणारी आणखी एक चूक अशी. ‘घरात शिरताच मृतदेह दिसला’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे, कारण शिरणारा कोण हे संदर्भाने समजते. तेच वाक्य ‘एंटरिंग द हाउस, द बॉडी वॉज सीन’ असे इंग्रजीत आले, की व्याकरणाप्रमाणे घरात मृतदेहच शिरतो. इंग्रजीत अशा सुरुवातीचा कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच लागतो, म्हणून ‘एंटरिंग द हाउस, द ऑफिसर सॉ द बॉडी’ असे लिहावे.

यातूनच कर्मणी प्रयोगाचा प्रश्न येतो. शास्त्रीय लेखन कर्मणी प्रयोगातच असावे, अशी समजूत तुमच्याही कानावर आली असेल. ती अर्धीच खरी आहे. संशोधन-निबंधात ‘द इंटरव्ह्यूज वेअर रेकॉर्डेड’ म्हणणे योग्य आहे, कारण ध्वनिमुद्रणाचे बटण कोणी दाबले याला तिथे महत्त्व नसते. घटनास्थळाच्या अहवालात मात्र ‘द सॅम्पल वॉज कलेक्टेड अँड सील्ड’ हे वाक्य पुराव्याच्या साखळीतील सर्वांत महत्त्वाची माहिती लपवते : नमुना कोणी घेतला, मोहोरबंद कोणी केला, आणि तो कोणाच्या हाती दिला. करणारा कोण हा प्रश्न न्यायालयात विचारला जाण्याची शक्यता असेल, तर कर्त्याचा उल्लेख केलाच पाहिजे. पहिला मसुदा झाल्यावर प्रत्येक कर्मणी वाक्यापुढे थांबून ‘कोणी?’ असे विचारावे आणि उत्तर महत्त्वाचे असेल तर वाक्य फिरवावे. काळांबाबत थोडक्यात सांगायचे तर, तुम्ही काय केले आणि काय आढळले ते साध्या भूतकाळात, सिद्धांत काय म्हणतो ते वर्तमानकाळात, आणि आजवरच्या संशोधनाचा आढावा ‘हॅव शोन’सारख्या पूर्ण वर्तमानकाळात लिहिण्याची प्रथा आहे. तुमच्या शाखेतील दोन चांगले निबंध काळांवर खुणा करत वाचलेत तर ते डोळ्याला सवयीचे होईल.

शिक्षकांच्या दुसऱ्या शेऱ्यावर उपाय क्रियापदांत आहे. प्रूव्हज, शोज, इंडिकेट्स, सजेस्ट्स, मे सजेस्ट ही उतरती भाजणी आहे, आणि तुमचा पुरावा तिच्या कोणत्या पायरीवर बसतो हे तुम्ही ठरवायचे असते. समजा, तुम्ही लिहिले आहे : ‘अनएम्प्लॉयमेंट कॉझेस क्राइम.’ तुमच्याकडे काय आहे? काही तरुणांनी भरून दिलेली प्रश्नावली. मग पहिला प्रश्न, सगळी गुन्हेगारी की फक्त चोऱ्या? चोऱ्या. घडलेल्या, की त्यांनी स्वतः सांगितलेल्या? सांगितलेल्या. बेकारीमुळे चोरी, की चोरीच्या नोंदीमुळे नोकरी मिळत नाही, की दोन्हींमागे तिसरेच कारण? प्रश्नावलीतून कळत नाही. मग कॉझेस हे क्रियापद जाऊन ‘वॉज असोसिएटेड विथ’ येते आणि वाक्य असे होते : ‘इन धिस सॅम्पल, अनएम्प्लॉयमेंट वॉज असोसिएटेड विथ अ हायर नंबर ऑफ सेल्फ-रिपोर्टेड थेफ्ट्स.’ हे वाक्य पहिल्यापेक्षा लांब आहे आणि त्यात एकही अवघड शब्द नाही, पण त्याबद्दल कोणीही जाब विचारला तर तुम्ही उत्तर देऊ शकता. परत आलेल्या निबंधातील प्रत्येक दाव्याला हेच प्रश्न विचारा आणि उत्तरे समासात लिहा. उलट टोकालाही जाऊ नका. ‘इट मे पॉसिबली सजेस्ट’ अशा वाक्यात शंका तीनदा आली आहे, एकदा पुरते. आणि न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला अलेज्ड म्हणत राहणे ही सावधगिरी नव्हे.

माणसांना नावे ठेवणाऱ्या शब्दांबद्दल एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपद्धतीची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. माणसाला त्याच्या एखाद्या अवस्थेच्या नावापुरते उरवू नये, असे तिचे सांगणे आहे. म्हणून कन्व्हिक्टपेक्षा ‘अ पर्सन कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट’ श्रेयस्कर, कारण त्यात कृत्यही नेमके सांगितले जाते. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये मांडलेला लेबलिंगचा, म्हणजे समाज माणसावर मारत असलेल्या शिक्क्यांचा, विचार तुम्ही अभ्यासणारच आहात. तो शिकणाऱ्याने स्वतःच्या लेखनात माणसांना ठसे मारत जाऊ नये.

भाषांतराबद्दल माझे मत स्पष्ट आहे. विचार मराठीत करा, मुद्द्यांचा आराखडाही खुशाल मराठीत करा, म्हणजे दावा कोणता, पुरावा कोणता, मर्यादा कोणती हे मनात स्वच्छ होईल. वाक्ये मात्र थेट इंग्रजीत लिहा, आणि सुरुवातीला लहान लिहा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि जो-तो, जेव्हा-तेव्हा अशा जोड्यांवर लांब वाक्यही सहज पेलते. त्याचे शब्दशः इंग्रजी केले की कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला जाते. भाषांतर यंत्राकडे सोपवणे याहून धोक्याचे आहे. तुम्ही मराठीत सैलपणे ‘गुन्हेगार’ लिहिलेत, तर यंत्र ‘क्रिमिनल’ लिहून मोकळे होईल, आणि तुम्हाला अभिप्रेत होता संशयित, आरोपी की दोषी हे त्याला कळण्याचा काही मार्ग नाही. यंत्राची मदत घ्यायचीच असेल तर ती स्वतः लिहिलेल्या इंग्रजीतील शुद्धलेखन तपासण्यापुरती घ्या, संस्थेचा नियम तशी मुभा देत असेल तर, आणि पारिभाषिक शब्द व उपपदे त्याने बदलली असल्यास वहीशी ताडून पाहा.

प्रबंधाच्या वेळी एक मोह होईल. इतरांचे इंग्रजी आपल्यापेक्षा सफाईदार वाटल्याने त्यांची वाक्ये चार शब्द बदलून आपल्या मजकुरात घ्यावीशी वाटतील. संदर्भ दिला तरी तसे करणे वाङ्मयचौर्यातच जमा होते. परिच्छेद वाचून झाला की पुस्तक मिटावे, आशय मराठीत दोन ओळींत टिपावा, आणि थोड्या वेळाने त्या टिपणावरून इंग्रजी वाक्य लिहून मूळ मजकुराशी अर्थापुरते ताडून पाहावे. एखादा शब्दप्रयोग जसाच्या तसा हवा असेल, तर तो अवतरणचिन्हांत घालून पृष्ठक्रमांक द्यावा. हाताशी शब्दकोश ठेवताना इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला ठेवा, कारण नामाचे अनेकवचन होते की नाही आणि क्रियापदापुढे कोणते अव्यय येते हे त्यात दिलेले असते. कायद्यातील शब्दांसाठी मात्र वेगळा विधिकोश किंवा प्रत्यक्ष कायद्याची प्रतच उघडावी.